फीच्या रकान्याबाहेरचा खर्च

बारावीचे निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की आपल्या कार्यकर्त्यांकडे गावोगावचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात : मुलाला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात घालावे, की गुण बसताहेत तर पुण्याला पाठवावे? उत्तर देणारा, मग तो क्लासवाला असो वा नोकरदार मामा, कागदावर दोन रकाने आखतो. एकात फी, दुसऱ्यात ‘पॅकेज’. वजाबाकी केली की निर्णय झाला! हा हिशेब अर्थशास्त्राचा नव्हे, बाजाराचा आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली. तेव्हापासून शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, आणि फी कमी म्हणून सरकारी महाविद्यालय गरिबांचे, अशी समजूत आपणही करून घेतली. पण शेतमजुराच्या मुलाला अडवते ती खाणावळ आणि खोलीभाडे. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर चार वर्षांचे ते बिल सवलतीनंतरच्या फीला सहज मागे टाकते; त्यात चार वर्षांची बुडालेली मजुरी मिळवा. २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्हच, परंतु शासननिर्णयाची प्रत दाखवून मेसवाला जेवण वाढत नाही.

दुसरा रकाना याहून फसवा. जाहिरातीत झळकते ते एकाच विद्यार्थ्याचे सर्वोच्च वेतन. २०१५ साली सुरू झालेल्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत निदान मध्यक, म्हणजे वेतने क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मागितला जातो. पण तो नोकरी लागलेल्यांचाच, आणि महाविद्यालयाने स्वतःच भरलेला. ज्यांना नोकरी लागली नाही, त्यांचे शून्य त्यात कोठेही मोजलेले नसते.

शिवाय मोठ्या नावाच्या महाविद्यालयात मुळातच चाळणीतून आलेली मुले असतात; त्यांच्या कमाईचे सारे श्रेय इमारतीला कसे द्यावे? स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली नेमके हेच तपासले. १९७६ मध्ये महाविद्यालयात दाखल झालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी तुल्य पात्रतेच्या विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा अधिक निवडक संस्थेमुळे सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही. अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा : त्यांना मात्र लाभ झाला. अमेरिकेचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण त्यामागचे कारण आपल्या ओळखीचे आहे. डॉक्टर-वकिलांच्या मुलाला ओळखीपाळखी घरातच मिळतात. मजुराच्या मुलाला त्या महाविद्यालयच देऊ शकते. म्हणजे पुण्याला जाऊन ज्याचे सर्वाधिक भले होईल, तोच खोलीभाड्यापायी मागे फिरतो, आणि या सक्तीला आपण ‘निवड’ म्हणतो!

तेव्हा साथींनी पालकांना सांगावे : वसतिगृहाची जागा निश्चित झाल्यावाचून शहर ठरवू नका. शाखानिहाय किती मुले अंतिम वर्षाला होती आणि त्यांपैकी किती नोकरीला लागली, हे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तरास ३० दिवसांची मुदत असते. म्हणून तालुका शाखांनी मार्चमध्येच अर्ज टाकावेत. आणि सरकारकडे मागणी एकच करावी : केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वर्गातील जागेबरोबर वसतिगृहातील जागाही त्याच यादीतून, त्याच दिवशी वाटा.