दोष काडतुसाचा नव्हता



‘इन्सासची ५.५६ ची गोळी कमकुवत, म्हणून लष्कर पुन्हा ७.६२ कडे वळले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धवट आहे. १९९९ साली कारगिलमधून इन्सास रायफलीबद्दल आलेल्या प्रमुख तक्रारी आठवाव्यात: थंडीत मॅगझिनला तडे जाणे, रायफल अडकणे, तेल डोळ्यांत उडणे. हे दोष बनावटीचे. काडतुसाच्या माथी ते कसे मारायचे?

इन्सासच्या आधीच्या, ७.६२ च्या एसएलआर रायफलीवर वाढलेल्या निवृत्त जवानांचा तिच्यावर जीव आहे आणि तो रास्तही आहे. १९६२ मध्ये दर गोळीमागे बोल्ट ओढत थ्री-नॉट-थ्री चालवणाऱ्या फौजेला पुढे आलेली ही रायफल वरदानच वाटली असणार. पण ओझ्याचा हिशेब पत्रात कुठेच नाही. एसएलआरचे एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे, इन्सासचे जेमतेम १२. डोंगर चढणाऱ्या शिपायाला तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येतात, हे पायथ्याशी बसून सहज विसरले जाते.

शिवाय ‘७.६२’ हे एकच काडतूस नव्हेच! एसएलआर आणि २०१९ मध्ये मागवलेली सिग ७१६ यांचे काडतूस ७.६२ बाय ५१, तर अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनणाऱ्या एके-२०३ चे ७.६२ बाय ३९. पहिल्याची ऊर्जा सुमारे ३,३०० ज्यूल, दुसऱ्याची २,००० च्या आसपास. एका रायफलीचे काडतूस दुसरीत चालत नाही. तेव्हा लष्कर जुन्या गोळीकडे परतले, हे फार तर सिगबाबत म्हणता येईल. एके-२०३ बाबत मुळीच नाही.

— एक वाचक, भुसावळ