एकतर्फी हुकूमनामा आणि तीस दिवस

आरमोरी भागांतील शेतकऱ्यांत दोन समजुती फार रूढ आहेत. समन्स घेतलें नाहीं तर दावा चालत नाहीं, ही पहिली. आणि एकतर्फी हुकूमनामा झाला कीं शेत गेलें, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत. पहिलीमुळें मनुष्य खड्ड्यांत पडतो व दुसरीमुळें वर येण्याची खटपटहि करीत नाहीं.

समन्स नाकारल्यास बेलिफ त्याची प्रत दारास चिकटवितो व तसा अहवाल देतो. न्यायालयाची खात्री पटली कीं समन्स बजावलें गेलें असें धरतात, आणि दावा प्रतिवादीवांचून पुढें चालतो.

तथापि दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 हिच्या नवव्या आदेशांतील तेराव्या नियमानें परतीची वाट ठेविली आहे. समन्स रीतसर बजावलें नव्हतें, किंवा हजर राहण्यास पुरेसें कारण आडवें आलें, यांपैकीं एक सिद्ध केल्यास तेंच न्यायालय हुकूमनामा रद्द करून दावा पुन्हा चालवितें. वैनगंगेच्या पुरानें रस्ता बंद होता, किंवा मनुष्य दवाखान्यांत पडून होता, हीं कारणें पुराव्यासह मांडतां येतात. रोवणीची घाई होती एवढें म्हणून भागत नाहीं. तसेंच ज्यास तारीख ठाऊक होती व येण्यास अवसरहि होता, त्याला बजावणींतील किरकोळ दोषाचा आधार मिळत नाहीं. ही दुरुस्ती 1976 सालीं झाली.

मुदत मात्र तीस दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावलें नसल्यास हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. विलंब माफ होऊं शकतो, पण त्याचें कारण पटवावें लागतें. शिवाय अर्ज केल्यानें अंमलबजावणी आपोआप थांबत नाहीं. स्थगिती निराळी मागावी लागते. अर्ज फेटाळला गेल्यास अपील आहे.

आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली, म्हणून एक गोष्ट आग्रहानें सांगतों. फेरफाराची नोटीस आली कीं लोक तलाठी व तहसीलदार यांच्याकडे धांव घेतात, आणि तेथें हेलपाटे घालतां घालतां तीस दिवस सरतात. फेरफार ही हुकूमनाम्याची केवळ नोंद होय. मूळ हुकूमनामा रद्द करण्याचा अधिकार तहसीलदारास नाहीं.

कोणी म्हणेल, अशा सवलतीनें टाळाटाळ करणारांचें फावतें आणि वेळेवर हजर राहणाऱ्या वादीचें नुकसान होतें. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वादीस नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द होत नाहीं, आणि खर्च भरण्याची अटहि न्यायालय घालूं शकतें. नागपूर उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायाधीश विवियन बोस यांनीं सर्वोच्च न्यायालयांत 1955 सालीं संग्राम सिंग यांच्या प्रकरणीं स्पष्ट केलें कीं, प्रक्रियेचे नियम न्याय सुलभ करण्यासाठीं आहेत, शिक्षेसाठीं नव्हेत. एका तारखेस गैरहजर राहिलेल्या प्रतिवादीस दाव्याच्या पुढील कामांत भाग घेण्याचा हक्क राहतोच. तेव्हां हुकूमनामा व्हावयाचा असेल तर त्याची वाट न पाहतां पुढल्याच तारखेस उभें राहावें.

आमचे वाचक साक्षर आहेत. शेजाऱ्याच्या घरीं न्यायालयाचा कागद आला, तर तो त्याला वाचून दाखवावा, त्यावरील तारीख सांगावी, आणि त्याच आठवड्यांत त्याला वकिलाकडे धाडावें. एवढ्यानें कित्येकांचीं शेतें वांचतील.