डावं-उजवं

नाशिकला आमचं घर द्वारकेजवळ. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथंच मिळतात, त्यामुळे बाहेरगावचा पाहुणा आधी आमच्या दारात उतरतो. भाऊबीज झाली की एके दिवशी आमच्याकडे मिरीचं सुकं मटण ठरलेलं. हो, मिरीचंच! मिरची आपल्याकडे आली ती १६व्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आलंच करीत असे.

मटणाची मला काळजी नसते. काळजी असते ती सोबत काय वाढायचं याची. तीन वर्षांपूर्वी मी ती केली नाही आणि चांगलीच फजिती झाली.

आमच्या वन्संनी पंढरीची माळ घातली आहे. त्या दिवशी सगळ्यांच्या ताटांत मटण, भाकरी, कांदा, लिंबू. त्यांच्यापुढे नुसता वरण-भात आणि लोणच्याची फोड. त्या मुकाट्यानं जेवल्या. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "वहिनी, मी पाहुणी आहे की पथ्यावर आहे?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ताटाला डावी-उजवी बाजू असावी, पण पंगतीत डावं-उजवं होऊ नये, हे मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून मी आधी सोबतीचे पदार्थ ठरवते, मग मटण. मिरी उष्ण, म्हणून एक पदार्थ थंड हवा: दह्यातली काकडीची कोशिंबीर. मीठ मात्र वाढतेवेळी घालावं, नाहीतर पाणी सुटतं. मटण सुकं, म्हणून एक पातळ आणि आंबट हवं: आमसुलाचं सार, वर तूप-जिऱ्याची फोडणी. आणि एक गोडसर, पोटभरीचं: तांबड्या भोपळ्याची भाजी, मेथीदाण्याची फोडणी आणि गुळाचा खडा घालून. या तिन्हींत ना मिरी, ना मिरची. तिखटाचा मान एकट्या मटणाचा! अर्धा किलोला दोन चहाचे चमचे भरड मिरी पुरते. ती मटण शिजत आल्यावर घालावी. फार वेळ शिजली तर तिखटपणा राहतो, पण वास उडून जातो.

सोबतीचं सगळं मटणाचं पातेलं चढवण्याआधीच करून, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या पळ्यांसकट झाकून ठेवते. कांदाही ताटात न वाढता बशीत मधे ठेवते. हवा त्यानं घ्यावा.

गेल्या दिवाळीला सगळ्यांची ताटं सारखीच भरलेली होती. वन्संच्या ताटात एक वाटी तेवढी कमी. ती कुणाच्या ध्यानातही आली नाही. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "वहिनी, भोपळ्यात मेथ्या किती घातल्या होत्या हो?"

याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही.