खलनायकाच्या संग्रहाची नोंदवही



गेल्या वर्षी जूनमध्ये महाविद्यालय नुकतेच सुरू झाले होते. एक बाई मला भेटायला आल्या. बरोबर बारावीतला त्यांचा मुलगा होता आणि मुलाच्या हातात बुटांचे एक मोठे खोके. गिरगावातली त्यांची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी करायची होती. पुढची तीनचार वर्षे भाड्याच्या लहानशा खोलीत काढायची होती.

"मॅडम, भांडी कुठं मांडायची याची मला चिंता, आणि हा हे खोकं काही सोडत नाही. बरं, जमवलंय तरी काय? तो काळा राक्षस! तुमच्या विषयात याला चांगले मार्क आहेत, तुमचं ऐकेल. तुम्हीच सांगा याला," बाई म्हणाल्या.

खोके उघडले. आत डार्थ व्हेडर होता. एक नव्हे, चांगले एकतीस नग! 'स्टार वॉर्स' या विज्ञानपटातला तो काळ्या मुखवट्याचा, घोगऱ्या श्वासाचा खलनायक तुम्हांला ठाऊक असेलच. बोटाएवढ्या बाहुल्या, किल्ल्यांचे जुडगे, बिल्ले, एक चहाचा मग, एक वाकलेले पोस्टर अशा नाना रूपांत तो त्या खोक्यात बसला होता.

मी त्या मुलाला एकच प्रश्न विचारला, "याची नोंदवही कुठे आहे?"

नोंदवही नव्हती. कोणती वस्तू कधी घेतली, कुठून घेतली, कितीला घेतली, हे त्याला सांगता येईना. तेव्हा मी म्हटले, "हा अजून संग्रह झालेला नाही. पण होऊ शकतो. आठ दिवसांची मुदत घे." आई थोड्या नाराज झाल्या. पण मी असे का म्हटले, ते आज तुम्हांला आणि तुमच्या शिक्षकांनाही सांगावेसे वाटते.

माझी स्वतःची चूक

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. चाळीत सत्यनारायणाची पूजा झाली की रात्री पटांगणात भाड्याचा व्हिडिओ लागे. १९८७ साली आलेला 'मिस्टर इंडिया' मी तिथेच पाहिला, सतरंजीवर बसून. बाकीच्या मुलींना नायक-नायिका आवडल्या. मला आवडला मोगॅम्बो! सोनेरी नक्षीचा तो कोट, ते सिंहासन, खुर्चीच्या हातावरच्या गोळ्यावर फिरणारी ती बोटे.

त्या काळी आपल्याकडे मोगॅम्बोची बाहुली मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी गिरणीच्या संपातून सावरणाऱ्या आमच्या घरात ती कोणी आणली नसती. म्हणून मी रद्दीतून कात्रणे जमवली. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, मासिकातली चित्रे, जे मिळेल ते खळीने वहीत चिकटवले. वही अजून माझ्यापाशी आहे. पुढे मला कळले की मोगॅम्बोचे काम करणारे अमरीश पुरी सिनेमात स्थिरावण्यापूर्वी कितीतरी वर्षे कामगार विमा योजनेच्या कार्यालयात नोकरीला होते, आणि तो भरजरी पोशाख माधव अगस्ती या मराठी माणसाने शिवला होता. मला फार आनंद झाला. मी वही काढली, कोणते चित्र केव्हाचे ते पाहू म्हटले. एकाही कात्रणावर तारीख नाही, वर्तमानपत्राचे नाव नाही! कात्रीने मी चित्रे नीट कापली होती आणि माहिती तेवढी कापून टाकली होती. आज त्या वहीतून मला माझे बालपण आठवते, पण त्यापलीकडे ती काहीच सांगत नाही.

तारखेची किंमत

तुम्ही म्हणाल, खेळण्यावर तारीख लिहिली काय आणि न लिहिली काय, फरक तो काय पडणार? एक खरी गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये एके काळी पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद फार होता. छंद वाईटच, आणि आता तो कायद्याने बंद आहे. पण त्या छंदी लोकांना एक चांगली सवय होती. अंडे केव्हा आणि कुठे मिळाले, ते नोंदवून ठेवायचे. पुढे बहिरी ससाण्याची संख्या एकाएकी घटू लागली. घरट्यातली अंडी फुटत होती. १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहालयांतली आणि छांदिष्टांच्या कपाटांतली जुनी अंडी मोजली, तोलली. त्यांच्या तारखा लावल्या तेव्हा दिसले की १९४०-५० या दशकाच्या अखेरीपासून अंड्यांची कवचे एकदम पातळ झाली आहेत. नेमका तोच काळ डीडीटी हे कीटकनाशक सर्रास वापरात येण्याचा! पुढे डीडीटीवर अनेक देशांत निर्बंध आले, त्यामागच्या पुराव्यांत या अंड्यांचा वाटा मोठा आहे. अंडी सगळ्यांकडे होती; तारखा नसत्या तर ती नुसती टरफले ठरली असती.

इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ हौशी माणसांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्यांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. गिरगावातला 'प्रार्थना समाज' हा थांबा तुम्हांला माहीत असेल. तो समाज १८६७ साली स्थापन करणाऱ्यांत हेच आत्माराम पांडुरंग अग्रणी होते. या मंडळींच्या सुरुवातीच्या सभा भायखळ्याच्या संग्रहालयात होत, आणि मग काही काळ त्यांचा संसार एका मद्यविक्रेत्याच्या दुकानातल्या खोलीत होता! जमवलेल्या वस्तू एकमेकांना दाखवाव्या, त्यांवर बोलावे, एवढाच हेतू होता. पुढे सालिम अली नावाचा एक शाळकरी मुलगा पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन याच संस्थेत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. त्या कप्प्यांतून आपल्या देशाला थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला.

सर्वांनाच सालिम अली होता येणार नाही, हे उघड आहे. पण कप्पा आणि चिठ्ठी सर्वांना परवडते.

पण खलनायकच का?

शिक्षकांची आणि पालकांची तक्रार बहुधा हीच असते. आदर्श ठेवायला दुसरे कोणी मिळाले नाही का? मला ही तक्रार पटत नाही. मोगॅम्बो आवडणारी मुलगी मोगॅम्बो होत नाही. याला पुरावा म्हणजे मी! शिवाय विज्ञानपटातल्या खलनायकाभोवती विज्ञान दाटीवाटीने भरलेले असते, चुकीचेही आणि बरोबरही.

व्हेडरचा मुखवटाच घ्या. चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांना असे सांगण्यात आले होते, की हे पात्र एका यानातून दुसऱ्या यानात पोकळीतून जाते. मग तो श्वास कसा घेईल, असा प्रश्न त्यांना पडला आणि श्वसनयंत्राचा मुखवटा जन्मला. ध्वनिमुद्रक बेन बर्ट यांनी तो घोगरा श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून घेतलेल्या श्वासावरून तयार केला. इतका विचार करणाऱ्या याच चित्रपटात पोकळीत स्फोटांचे आवाज मात्र खुशाल ऐकू येतात! आणि ती उजेडाची तलवार? दोन विजेऱ्यांचे झोत अंधारात एकमेकांवर टाकून पाहा. ते एकमेकांना अडवत नाहीत, आरपार निघून जातात.

मोगॅम्बोच्या चित्रपटात नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. विचार करा, सूर्याच्या पांढऱ्या उजेडात लाल रंग असतोच. मग जो लाल प्रकाश परतवतो, तो भर उन्हात निदान लालसर छायेसारखा दिसायला नको का? दुसरे असे, की पूर्ण पारदर्शक माणसाच्या डोळ्यांतला पडदाही प्रकाश शोषणार नाही. म्हणजे तो अदृश्य होताक्षणी आंधळा होईल.

आणि शिक्षकांसाठी एक प्रश्न. मोगॅम्बोची क्षेपणास्त्रे, व्हेडरच्या साम्राज्याचा ग्रह फोडणारा गोल, ही यंत्रे खलनायकाने स्वतःच्या हाताने बनवली नाहीत. ती कोणा अभियंत्यांनी बनवली. त्यांतला एकजण 'नाही' म्हणाला असता तर? वर्गात हा प्रश्न विचारा आणि तास कसा जातो ते पाहा.

पैशांचा प्रश्न

आता मुलांना थोडे कडू बोलते. संग्रह म्हणजे खरेदी, अशी समजूत पसरली आहे आणि ती पसरवणाऱ्यांचा त्यात फायदा आहे. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला, तेव्हा खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीला नाताळपर्यंत बाहुल्या तयार करता आल्या नाहीत. तिने काय केले? पुठ्ठ्याचे पाकीट विकले! त्यात चित्र, चिकटपट्ट्या आणि बाहुल्या पुढे घरी पाठवू अशा हमीचा कागद. मुलांच्या आईवडिलांनी वस्तू हाती नसतानाच पैसे मोजले.

लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत तुम्ही साचा पाहिला असेल. एकदा साचा झाला की त्यातून मूर्तीमागून मूर्ती निघते. प्लॅस्टिकच्या बाहुलीचेही तसेच आहे. पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरतात, थंड झाले की काढतात. एका नगातले प्लॅस्टिक काही रुपयांचे असते. बाकीची किंमत नावाची आणि दुर्मिळतेची. दुर्मिळता तर मुद्दामही निर्माण करता येते, आणि तिची नक्कलही करता येते.

त्या मुलाच्या बाबतीत हेच घडले होते. रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून त्याने अठराशे रुपयांना एक व्हेडर घेतला होता, 'जुना, अस्सल' म्हणून. चार महिन्यांचा साठवलेला खाऊचा पैसा! नोंदवही लिहायला बसला तेव्हा त्याने प्रथमच ती बाहुली भिंगाखाली धरली. त्या काळच्या बाहुल्यांच्या पायामागे बहुधा १९७७ साल आणि हक्कधारकाची अक्षरे उमटवलेली असतात. या पायावर काहीच नव्हते. मुलगा दोन दिवस गप्प होता. मग त्याने नोंद केली: 'क्रमांक १७. बनावट असावा. पायामागे अक्षरे नाहीत. किंमत रु. १८००. घेण्यापूर्वी पायाची मागची बाजू पाहिली नाही.' त्याच्या वहीतली ही सर्वांत चांगली नोंद आहे असे मी त्याला सांगितले, आणि मनापासून सांगितले.

करून पाहा

आता काय करायचे ते थोडक्यात सांगते.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तारीख, ठिकाण, किंमत, लांबी, वजन आणि वस्तूवरची सगळी अक्षरे लिहा. क्रमांक वस्तूवर शाईने लिहू नका. कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा.

प्लॅस्टिक ओळखायला शिका. एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेले पाणी घ्या. अशा पाण्याची घनता सुमारे १.२ असते. बाटलीच्या झाकणाचा तुकडा साध्या पाण्यातही तरंगेल. खेळण्यातल्या जोडविटांचे एबीएस प्लॅस्टिक साध्या पाण्यात बुडेल, पण मिठाच्या पाण्यात तरंगेल. नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्हींत बुडेल. मात्र हा प्रयोग तुटक्या तुकड्यांवर करा. पोकळ बाहुलीत हवा असते आणि ती तुम्हांला फसवील.

मुंबईची दमट हवा ध्यानात ठेवा. मऊ पीव्हीसी कालांतराने चिकट होते, कारण ते मऊ ठेवण्यासाठी घातलेला द्रव हळूहळू पृष्ठभागावर येतो. उन्हाने एबीएस पिवळे पडते. दोन सारख्या स्वस्त वस्तू घ्या, एक खिडकीत आणि एक कपाटात ठेवा, आणि दर महिन्याला पाहून नोंद करा. वर्षभरात तुमच्या वहीत स्वतःचे संशोधन असेल.

आणि शेवटचे, एक नवी वस्तू विकत घेण्यापूर्वी जुन्या पाचांची नोंद पूर्ण झालेली असावी. या नियमाने खर्च आपोआप आटोक्यात येतो.

त्या मुलाने आठ दिवसांत एकतीस नोंदी केल्या. करता करता तेरा वस्तू त्याला स्वतःलाच नकोशा झाल्या. त्या त्याने शेजारच्या लहान मुलांना देऊन टाकल्या. उरलेल्या अठरा एका लहान डब्यात मावल्या आणि डबा भाड्याच्या खोलीत पलंगाखाली गेला. बाईंचा मध्यंतरी फोन आला होता. राक्षस अजून आवडत नाही म्हणाल्या, पण डब्यावरची यादी मात्र त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली आहे.

तुमच्याही घरी असे एखादे खोके असेल. व्हेडरचे असेल, मोगॅम्बोचे असेल, नाहीतर आगपेटीच्या चित्रांचे. आज संध्याकाळी त्यातली एकच वस्तू बाहेर काढा आणि क्रमांक १ लिहा.