‘बेचव’ हा शब्द आळशी आहे

भाषांतराच्या उत्तरपत्रिकांत ‘स्टेल’ला ‘शिळे’ आणि ‘ब्लँड’, ‘मश’, ‘स्लॉप’ या तिन्हींना सरसकट ‘बेचव’ असे लिहिलेले आढळते. कोशात तसे दिले आहे, हा विद्यार्थ्यांचा बचाव. आशय पोहोचला ना, हा काही अध्यापकांचा. दोन्ही बचाव टिकणारे नाहीत.

लोणावळ्याच्या पावसात उघडी राहिलेली चिक्की शिळी होत नाही, ती सादळते. हवेतला ओलावा गुळाने शोषला, की तिचा कुरकुरीतपणा जातो. चव मात्र शाबूत असते. त्याच चिक्कीतल्या शेंगदाण्याचे तेल बिघडले, की ती खवट होते. मग ती कितीही कुरकुरीत असो. रात्रीची भाकरी शिळी खरी, पण सकाळी ती आवडीने खाल्ली जाते. आमटी विटते, दूध नासते, पिठाला कुबट वास येतो. इंग्रजीतला ‘स्टेल’ यातले बरेचसे एकाच पोत्यात भरतो. मराठीने तसे का करावे?

भाताचेही तेच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी मुळातच चिकट. नव्या तांदळात पाणी जास्त झाले, की त्याचा गिचका होतो. आजाऱ्यासाठी मुद्दाम शिजवतात तो मऊ भात. दोहोंना ‘मश’ म्हणता येईल. पण एकात चूक आहे, दुसऱ्यात माया. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या (१८३७-३९) ‘ग्रुएल’ला नुसते ‘पेज’ म्हटले, की हाच घोटाळा होतो. आपल्याकडची पेज घरची, पथ्याची. वर्कहाऊसमधली पाणचट, मोजून वाढलेली. पदार्थ जुळला, अपमान गळाला.

हे स्वयंपाकघरातले शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपली समीक्षा तपासून पाहावी. मिळमिळीत कविता, पांचट विनोद, अळणी शैली, शिळी कल्पना : आपली कितीतरी दूषणे ताटातूनच आली आहेत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना दृष्टान्त घेतला, तोही अन्नाचाच. अळणी म्हणजे मिठावाचूनचे. मिळमिळीत म्हणजे मीठ असूनही जोर नसलेले. एवढा भेद ज्याला सांगता येत नाही, तो कवितेत नेमके काय उणे आहे हे तरी कसे सांगणार?

‘बेचव’ हा शब्द चुकीचा नाही. तो विचार करण्याचे श्रम वाचवतो, एवढाच त्याचा दोष. त्या बचतीला गुण देणे आपण अध्यापकांनी आता थांबवले पाहिजे.