मोबाईलवरचा खेळ आणि आमचा अभ्यास : माझे मत



मागच्या पालकसभेत मोबाईलवरून फार बोलणे झाले. काही काका म्हणाले, पोरांच्या हातात मोबाईल देऊच नका. काही म्हणाले, आता त्यावरही अभ्यासाचे खेळ असतात, पोरे त्यातून शिकतात. आम्ही मुले व्हरांड्यात बसून ऐकत होतो, पण आम्हाला कोणी विचारले नाही. म्हणून मी माझे मत या भित्तिपत्रकात लिहीत आहे.

आधी मी माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या घरी एकच मोबाईल आहे. तो बाबांचा आहे. दिवसा तो बाबांसंगे वावरात जातो आणि संध्याकाळी घरी येतो. त्यात पाढ्यांचा एक खेळ आहे. एक गणित येते, खाली चार उत्तरे येतात आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवले की नाणी मिळतात. दिवाळीच्या सुटीत माझी पाचशेच्या वर नाणी झाली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की माझे पाढे पक्के झाले.

शाळा उघडली. गुरुजींनी मला उभे करून विचारले, "चौदा साती किती?" मला उत्तर आले नाही. सगळे हसले. मला फार लाज वाटली. पाचशे नाणी असून एक पाढा येत नव्हता!

घरी आल्यावर मी पुन्हा तो खेळ लावला आणि नीट पाहिले. तेव्हा माझे मलाच कळले. चौदा गुणिले सात याखाली उत्तरे होती ३८, ९८, १४० आणि २०५. चार साती अठ्ठावीस, म्हणजे शेवटी आठ पाहिजे. ३८ तर फारच लहान. मग उरले ९८. मी गुणाकार न करताच बोट ठेवत होतो. चुकले तरी काही बिघडत नव्हते, तेच गणित पुन्हा येत होते. दुसऱ्या दिवशी मी हे गुरुजींना सांगितले. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "अंदाज करणे हेही गणितच आहे. पण अंदाज येणे वेगळे आणि पाढा येणे वेगळे." हे मला पटले.

माझे आजोबा शाळेत फार शिकले नाहीत. पण त्यांनी मला विचारले, "पोरा, हे उत्तर तुह्यं आहे का त्या डबड्याचं?" मला वाटते, मोबाईलच्या प्रत्येक खेळाला हाच प्रश्न विचारला पाहिजे.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण एकच बाजू सांगणे बरोबर नाही. माझी लहान बहीण दुसरीत आहे. तिला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. वर्गात वाचायला उठवले की ती रडायची, कारण मुले हसत. गुगलने २०१९ साली आपल्या देशात 'बोलो' नावाचे वाचनाचे ॲप आणले. पुढे त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. त्यात आपण मोठ्याने वाचायचे, मोबाईल ऐकतो, अडलेला शब्द म्हणून दाखवतो आणि बरोबर वाचले की तारे देतो. बाबांनी तिला तसे वाचन लावून दिले. मोबाईल हसत नाही, चिडत नाही, 'तुले काहीच येत नाही' असे म्हणत नाही. ती चुकत चुकत रोज वाचू लागली. एके दिवशी मामाकडची लग्नाची पत्रिका आली. आजीने ती बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच बापा." तिने 'ज्येष्ठ' आणि 'कृपाभिलाषी'सुद्धा वाचले! आजीच्या डोळ्यांत पाणी आले. पत्रिकेत मदत करायला मोबाईल नव्हता, म्हणून ते वाचन तिचेच होते.

म्हणून माझे मत असे की खेळ वाईट नाही. ज्या खेळात आपल्याला बोलावे लागते, लिहावे लागते, आठवावे लागते तो चांगला. ज्यात फक्त बोट हलते, त्यात बोटच हुशार होते.

खेळातून शिकणे ही काही मोबाईलची नवी गोष्ट नाही. आपण सापशिडी खेळतो ना, तसाच जुन्या काळी मोक्षपट नावाचा खेळ होता. तो संत ज्ञानेश्वरांनी केला असे मानतात. त्यात शिडी म्हणजे चांगले गुण आणि साप म्हणजे वाईट गुण. म्हणजे आपल्या माणसांनी जुन्या काळीच खेळात धडा ठेवला होता, तोही विजेशिवाय आणि रिचार्जशिवाय!

आपल्या महाराष्ट्रात मोबाईलचा चांगला उपयोग केलेले गुरुजीही आहेत. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड लावले. त्या चौकटीवर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम दहा लाख डॉलर होती. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवरही तशी काळीपांढरी चौकट असते. ती किती जणांनी उघडून पाहिली आहे? मोबाईलमध्ये आपण खेळ शोधतो, पण पुस्तकावरची चौकट पाहत नाही.

आता मोबाईल बंद करण्याबद्दल. आपल्या विदर्भातच यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बांसी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी रीत काढली. तिथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. मुले अभ्यास करतात, घरचे एकमेकांशी बोलतात.

मला वडगावची रीत जास्त आवडली. एक कारण असे की मोबाईल पूर्ण बंद केला तर माझ्या बहिणीचे वाचनही बंद होईल. दुसरे कारण सांगतो, पण पालकांनी रागावू नये. तिथे भोंगा वाजल्यावर मोठेसुद्धा मोबाईल खाली ठेवतात. आम्हाला "मोबाईल ठेव" असे सांगणाऱ्याच्या हातात जर मोबाईल असेल, तर आम्ही कसे ऐकावे? लोका सांगे ब्रह्मज्ञान असे होऊ नये.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही खेळ अभ्यासाचे नसतात, पैसे लावायचे असतात. असे पैशांचे ऑनलाईन खेळ बंद करण्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. म्हणून मुलाला मोबाईल देऊन कामाला निघून जाऊ नये. कोणता खेळ आहे ते आधी बसून पाहावे.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट शेवटी सांगतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी असा मोबाईल नाही. त्याची आई कपाशी वेचायला जाते. आम्ही नाण्यांच्या आणि ताऱ्यांच्या गोष्टी सांगू लागलो की तो गप्प बसतो. पण चौदा साती अठ्ठ्याण्णव हे वर्गात त्यानेच सांगितले होते. आईसंगे वावरात जाता-येता तो पाढे म्हणतो. अभ्यास मोबाईलमध्येच असता, तर तो त्याला आलाच नसता. आणि अभ्यास फक्त मोबाईलमध्येच ठेवला, तर त्याच्यासारखी मुले मागे पडतील. हा अन्याय होईल.

म्हणून मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली : घरी मोबाईलवर अभ्यासाचा खेळ रोज अर्धा तासच खेळावा, तोही घरचे मोठे माणूस जवळ असताना. झोपायच्या वेळी मुळीच नाही.

दुसरी : शेजारी पाटी घेऊन बसावे. उत्तर आधी पाटीवर लिहावे, मग बोट ठेवावे. चार उत्तरे हाताने झाकून घ्यावीत. मी आता असेच करतो. माझी नाणी हळू वाढतात, पण पाढे वाढतात.

तिसरी : ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याने मोबाईल नसलेल्या मित्राला संगे बसवावे. एकाने गणित वाचावे, दुसऱ्याने तोंडी सांगावे.

चौथी : आपण वर्गात पुठ्ठ्याची सापशिडी करावी. शिडीवर गेले की पाढ्यातले गणित तोंडी सांगितल्याशिवाय वर चढायचे नाही. सापाने गिळले तरी एक जोडशब्द फळ्यावर शुद्ध लिहिला की सुटका. मी आणि माझ्या मित्राने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर एक सापशिडी केली आहे. फासा म्हणून आम्ही चिंचोके घेतले. काल मधल्या सुटीत सहा जण खेळले. मी दोनदा हरलो, पण सतराचा पाढा पाठ झाला.

पालकहो, आमच्या हातातून मोबाईल हिसकावू नका आणि आमच्या हातात देऊन विसरूही नका. थोडा वेळ आमच्याजवळ बसा आणि आजोबांसारखे विचारा, "हे उत्तर तुह्यं आहे का त्याचं?" ज्या दिवशी आम्ही सगळे "माह्यं आहे" असे खरे सांगू, त्या दिवशी खेळही चांगला आणि अभ्यासही चांगला.

माझे काही चुकले असेल तर मोठ्यांनी माफ करावे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी पुढच्या भित्तिपत्रकात लिहावे, मी नक्की वाचीन.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी, धामणगाव बढे