पांझरेचें पाणी आणि नागरिकशास्त्राचा पाठ

आमच्या शाळांतून नागरिकशास्त्र शिकविलें जात नाहीं, तें पाठ करवून घेतलें जातें, असें आमचें स्पष्ट मत आहे. हा आरोप आम्ही केवळ शिक्षकांवर ठेवीत नसून, सहामाहीची गुणपत्रिका हातीं येतांच 'चार गुण कां गेले?' म्हणून मुलास दरडावणाऱ्या आम्हां सुशिक्षित आईबापांवरही ठेवितों.

धुळ्याकडील एका खेड्यांतील शाळेंत आम्हीं सहावीच्या वर्गास विचारलें, ग्रामपंचायतीचे सदस्य किती? 'कमींत कमी ७, जास्तींत जास्त १७' हें उत्तर एका सुरांत आलें. मग 'तुमच्या शिवारांत पाटाचें पाणी आधीं कोणाच्या शेतांत जावें, हें कोण ठरवितें?' असें विचारतांच वर्ग स्तब्ध झाला. मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, 'मना आबा पाटकरी शे.' 'शुद्ध बोल,' असें बजावून त्यास खालीं बसविण्यांत आलें. सबंध वर्गांत तेवढें एकच उत्तर खरें होतें!

पांझरेच्या कांठची फडपद्धति ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना आमचा उद्वेग समजेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यांतून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा तीन-चार फड. एका फडांत एका हंगामीं एकच पीक. पुढें तें पीक दुसऱ्या फडांत जावयाचें. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांतून थोडीथोडी विभागलेली, म्हणून पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी तोटा एकट्यादुकट्यावर पडत नाहीं. शेतकऱ्यानें स्वतःच्या हातानें पाणी वळवावयाचें नाहीं. तें काम पाटकऱ्याचें, आणि राखण जागल्याची. पाटाच्या दुरुस्तीचा व या माणसांच्या मेहनतान्याचा भार ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानानें. कर, कायदा, प्रतिनिधि, न्याय यांपैकीं कोणता धडा येथें नाहीं? वरच्या अंगास धरणें झाल्यापासून पुष्कळ ठिकाणीं ही व्यवस्था खिळखिळी झाली आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. ती कां खिळखिळी झाली, हें तर मुलांना अगोदर सांगावयास हवें.

'तिसरीस जिल्ह्याचें वेगळें पुस्तक आहे ना?' असें कोणी म्हणेल. आहे, आणि योजकांचा हेतु स्तुत्यच आहे. परंतु पूर्वीं देशांतील नद्यांची व पिकांची यादी पाठ होत असे, आतां जिल्ह्यांतील होते, इतकाच फरक! तापी पश्चिमेस वाहते हें जळगांवचीं मुलें धडाधडा सांगतात. तिच्या खोऱ्यांतील केळीचा भाव कोण ठरवितो, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं. इतिहासाचेंही तेंच. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळें निघालें. नवापुराकडील एखाद्या घरांत आजोबांचा जन्म पश्चिम खानदेशांतला, बापाचा धुळें जिल्ह्यांतला आणि नातवाचा नंदुरबारांतला. घर एक, चूल एक, जिल्हे तीन! नकाशा माणसें आंखतात आणि माणसेंच बदलतात, हें समजावयास त्या नातवाला ओसरीपलीकडे जावयास नको.

'वेळ कोठें आहे?' हा ठरलेला आक्षेप. अमळनेरास साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते आणि वसतिगृहांतील मुलांसाठीं ते हस्तलिखित दैनिक काढीत. तीं मुलें वयानें मोठीं होतीं हें खरें. पण वर्ग, तपासणी आणि परीक्षा त्यांच्याही मानगुटीवर होत्याच.

आमची मागणी लहानशी आहे. सहामाहीच्या आधींचा एक दिवस वर्ग बंधाऱ्यावर न्यावा, आणि त्या मुलाच्या आबांना बोलूं द्यावें, अहिराणींतच.